काळ्या दगडाचा उंबरा

जाहिरात माझ्या लेकीने लिहिली, नाशिकमध्ये बसून, फोनवर. 'हिंगोली शहर, टू-बीएचके, तळमजला, शिक्षकांची सहकारी सोसायटी, नुकतेच नूतनीकरण, ज्येष्ठांसाठी अत्यंत सोयीचा.' मला वाचून दाखवली आणि विचारलं, "बरोबर आहे ना, आई?" मी म्हटलं, "शेवटचं काढ." ती म्हणाली, "अगं, त्यावरच तर लोक येतील. एवढं सगळं आपण बाबांसाठीच केलं ना?" मी गप्प बसले. मी गप्प बसले की लेकीला काळजी वाटते, कारण तशी मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. शेवटचं वाक्य तिने काही काढलं नाही.

घर विकायचं होतं हे खरं. एकटीने राहून बघितलं, वर्षभर बघितलं, नाही जमलं. पण येणाऱ्या गिऱ्हाइकाला एक गोष्ट सांगायची मला लाज वाटत होती, आणि न सांगता घर विकायचंही मन होत नव्हतं. त्या घरात जे जे केलं ते माझ्या नवऱ्याला हिंडता-फिरता यावं म्हणून केलं. आणि जी एक गोष्ट न झाल्यामुळे ते चौदा महिने मोकळेपणी घराबाहेर पडू शकले नाहीत, ती मी करू दिली नाही. सांगायचं ते एवढंच आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. पहिली ते चौथी. त्यामुळे आवाज मोठा, आणि समोरचा माणूस पन्नास वर्षांचा असला तरी त्याला 'नीट बस' म्हणायची सवय. हे सेनगावच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. रोज एसटीने जायचे, एसटीने यायचे, आणि येताना निम्म्या बसची विचारपूस करून यायचे. सगळी सोसायटी त्यांना 'सर' म्हणायची, चारचौघांत मीही. घरात 'अहो' आणि राग आला की नुसतं 'ऐकलं का'. राग मला बऱ्याचदा यायचा. त्यांना येतच नसे. मी त्यांना म्हणायचे, "तुमच्या वाटचाही मीच रागावते, म्हणून तुमचं बरं चाललंय."

सोसायटी आमची तीन मजल्यांची, बारा घरांची. सगळे शिक्षक, एखाददुसरा ग्रामसेवक. घराचा ताबा मिळाला तेव्हा बिल्डरने मुख्य दाराला नुसती गुळगुळीत संगमरवरी पट्टी बसवलेली, जमिनीला टेकलेली. आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मग गोरेगावहून सासूबाई आल्या. हातात पिशवी, डोक्यावर पदर, आणि दारातच उभ्या राहिल्या. "घराला उंबरा न्हाई," म्हणाल्या. "मी ओलांडू काय? हे घर हाय का दवाखाना?" मी म्हटलं, आत तर या, चहा घ्या, मग बघू. नाही आल्या. शेजारणीच्या घरी चहा घेतला, जेवल्या, आणि संध्याकाळच्या जीपने परत गेल्या.

हे दुसऱ्याच रविवारी गोरेगावला गेले. तिथल्या एका पाथरवटाकडून काळ्या दगडाचा उंबरा घडवून घेतला, साडेचार इंच उंच, मधोमध कमळ कोरलेलं. तो आणला जीपमधून, दहा-बारा माणसांच्या पायांत आडवा ठेवून. सेनगावपर्यंत सगळ्यांनी कुरकुर केली म्हणे, आणि सेनगावच्या पुढे सगळ्यांनी उंबऱ्याला नमस्कार केला. खरं-खोटं तेच जाणोत. गोष्ट रंगवून सांगायची त्यांना खोडच होती. उंबरा बसला, सासूबाई आल्या, उजवा पाय आत टाकला आणि म्हणाल्या, "आता हे घर झालं."

तेव्हापासून बावीस वर्षं मी तो उंबरा रोज सकाळी धुतला. हळदीची दोन बोटं, कुंकवाची दोन बोटं, बाहेर रांगोळीचे चार ठिपके. शाळेला उशीर होत असला तरी. त्यावर पाय द्यायचा नाही, त्यावर बसायचं नाही, घेणं-देणं त्याच्या अलीकडून-पलीकडून करायचं नाही. दूधवाल्यालासुद्धा मी आत बोलवायचे, मगच पातेलं पुढे करायचे. लेकीचं लग्न झालं तेव्हा तिने त्यावरून पाय बाहेर टाकला आणि मी तिथेच मटकन बसता बसता स्वतःला सावरलं, कारण तिथे बसायचं नसतं. लोकांना हे वेड वाटेल. मला ते घराचं व्याकरण वाटायचं, शिकवलं तसं पाळायचं.

मग सरांना लकवा झाला. संक्रांतीच्या आधीची गोष्ट. उजवी बाजू गेली. नांदेडच्या दवाखान्यात तीन आठवडे काढले. बोलणं हळूहळू परत आलं, जरा जड, पण आलं. पाय नाही आला. डॉक्टर म्हणाले, येईलही, व्यायाम करा, आशा सोडू नका. मी ते 'येईलही' अगदी घट्ट धरून ठेवलं. डॉक्टरांनी ते किती सैल म्हटलं होतं हे मला कळत होतं, पण मला तेवढंच हवं होतं.

लेक त्यांना थेट नाशिकला घेऊन गेली आणि मी इकडे घराचं काम काढलं. कळमनुरीचा एक मिस्त्री होता, आमच्या सोसायटीत सगळ्यांकडे त्याचंच काम. हाताला चांगला, तोंडाने त्याहून चांगला. महिनाभरात त्याने घर ओळखू येणार नाही असं केलं. बाथरूमचं दार रुंद केलं. जुना भारतीय संडास काढून कमोड बसवला, दोन्ही बाजूंना धरायला स्टीलचे दांडे. दोन्ही बेडरूमच्या दारातल्या पट्ट्या काढल्या. ओल्या पायाने घसरू नये म्हणून खरखरीत फरशी घातली. विजेची बटणं खाली घेतली, खुर्चीतून हात पोचेल अशी. स्वयंपाकघराचा ओटा एका बाजूला मोकळा केला, खाली खुर्ची शिरावी म्हणून, कारण मी भाजी निवडताना समोर बसून हे मला बातम्या सांगायचे आणि ते बंद होऊ नये अशी माझी इच्छा होती.

शेवटी मिस्त्री मुख्य दारापाशी आला. पाय उंबऱ्याला टेकवणार होता, माझ्याकडे बघितलं आणि पाय मागे घेतला. "बाई, हा बी काढून टाकू. गाडी सरळ भाईर जाईल. बाहेरच्या दोन पायऱ्यांवर उतार करून देतो."

"उतार कर. उंबऱ्याला हात लावायचा नाही."

"मंग सर भाईर कसे येतील?"

"चालत येतील," मी म्हटलं. "दोन महिन्यांत. घराचा उंबरा काढतात का रे? काय बोलतोस तू?"

त्याने मान हलवली आणि कामाला लागला. लेकीनेही फोनवर तेच सांगितलं, मी तिलाही झापलं. खरं कारण मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. श्रद्धा होतीच, नव्हती असं नाही. पण त्याहून मोठं हे होतं की बाकी सगळं केलं ते आजारी माणसासाठी केलं. दांडे, कमोड, फरशी, उद्या बरं झालं तरी राहिलं म्हणून बिघडत नाही. उंबरा काढला असता तर ते कधीच चालणार नाहीत हे मी मान्य केलं असतं. ते मला जमत नव्हतं, म्हणून मी देवाधर्माला पुढे केलं.

नाशिकहून गाडी आली. उतारावरून खुर्ची वर आणली आणि उंबऱ्यापाशी थांबली. वरच्या मजल्यावरचे दोघे शिक्षक धावत आले, एकाने पुढून, एकाने मागून उचलून आत घेतलं. सर हसले. म्हणाले, "नवरी असती तर माप तरी ओलांडलं असतं." सगळे हसले. मी घरभर फिरवून दाखवलं, बटणं दाखवली, ओटा दाखवला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "किती केलंस गं." उंबऱ्याबद्दल काही बोलले नाहीत.

पहिला महिनाभर संध्याकाळी वरचे ते दोघे शिक्षक यायचे, खुर्ची उचलून बाहेर न्यायचे. पार्किंगमध्ये कडुनिंबाखाली निवृत्त मंडळींच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात, तिथे सर जाऊन बसायचे. जीव त्यांचा तिथेच होता. पण उचलणारी माणसंही साठीची. एकाची कंबर धरली. दुसऱ्याला एकट्याने जमेना. मग कुणाला तरी हाक मारायची, कुणीतरी धावत यायचं, आणि सर त्या उचलण्याच्या वेळी डोळे मिटून घ्यायचे. गडी माणूस, आयुष्यभर तरातरा चाललेला.

कुणीतरी म्हणालं, फळी टाका. मी मोठ्या नाराजीने फळी टाकू दिली, खाली कमळाला लागू नये म्हणून जुनं धोतर घडी करून ठेवलं. त्या धोतरामुळेच फळी सरकली. खुर्ची कलंडली आणि सर उजव्या हातावर पडले, ज्या हाताला लागलेलं त्यांना कळतही नव्हतं. कोपर सोलून निघालं होतं. ते वर बघून मलाच म्हणाले, "काही नाही, काही नाही." त्या दिवसानंतर ते फळीवर गेले नाहीत. दोघं उचलायला आले की म्हणायचे, "आज राहू द्या. इथेच बरं आहे."

इथे म्हणजे उंबऱ्याच्या आत, दार उघडं टाकून. तिथून पार्किंगचा अर्धा भाग दिसायचा. मंडळी जाता-येता हाक मारायची, हे हात वर करायचे. कुणी दारापर्यंत यायचं, पण उंबऱ्यात उभं राहून गप्पा मारणाऱ्याला मीच टोकायचे, "आत या नाहीतर बाहेर थांबा, मध्ये उभं राहू नये." तेव्हा माणसं चपला काढून आत यायची, दोन मिनिटं बसायची, पाणी प्यायची, जायची. कडुनिंबाखालच्या गप्पा ही काय पाणी पिऊन उठायची गोष्ट असते? हळूहळू येणं कमी झालं. मी त्याचाही राग लोकांवर काढला. म्हणायचे, "बघा, माणसं कशी विसरतात." सर म्हणायचे, "विसरत नाहीत गं. त्यांनाही कामं असतात." निवृत्त माणसांना कसली कामं!

गणपती पार्किंगमध्येच बसतो. त्या वर्षी आरती आम्ही दारातून ऐकली. सर डाव्या हाताने मांडीवर ठेका धरत होते. आरती संपल्यावर सहज म्हणावं तसं म्हणाले, "तो मिस्त्री कळमनुरीचाच ना? काम चांगलं करतो."

मला कळलं. एकतीस वर्षं लेकरांनी अर्धंच बोललेलं पूर्ण समजून घेण्यात गेली माझी, मला कसं कळणार नाही? मी म्हटलं, "काम संपलं त्याचं. व्यायाम केला का आज?" ते म्हणाले, "करतो." आणि केला. दांडा धरून उभं राहायचा प्रयत्न केला, घामाघूम झाले, बसले. मी समोर उभी राहून एक, दोन, तीन मोजत होते, मास्तरीणबाईसारखी.

होळीनंतर दीड-दोन महिन्यांनी, भर दुपारी, जेवून पान मागितलं आणि पान येईपर्यंत गेले. दुसरा झटका. त्यांना बाहेर नेताना चार जणांनी उचललं तेव्हा कुणालाच अडचण झाली नाही. मी ते बघितलं. अजून बघते.

वर्षभराने जाहिरात दिली आणि माणसं यायला लागली. घर बघायला येणाऱ्या माणसांची एक तऱ्हा असते. येतात, फरशीवर पायाने आपटून बघतात, नळ सोडतात, आणि घराच्या मालकिणीला स्वयंपाकघर कुठे आहे ते दाखवतात. एकजण मोबाइलमध्ये होकायंत्र लावून गोल गोल फिरला आणि म्हणाला कमोडचं तोंड चुकलंय. मी म्हटलं, तुमचं तोंड तुम्ही हवं तिकडे करा. तो परत आला नाही. लेकीने फोनवरून मला हात जोडले. सोयाबीनचा व्यवहार करणारं एक जोडपं आलं, त्यांना घर आवडलं. बाई दारातच थबकली, वाकून उंबऱ्याला हात लावला आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, बघा की. असा उंबरा आता कुठं मिळतोय?" तिच्या तोंडून ते ऐकलं मात्र, मी सांगून टाकलं की घर विकायचं रद्द केलंय. मग दोन दिवस स्वतःलाच बोलत बसले.

त्यानंतर आली ती सिस्टर. इथल्या सरकारी दवाखान्यात परिचारिका, तीस-बत्तीस वर्षांची, सेनगावच्या बाजूच्या एका तांड्यावरची. एकटीच आली. नळ सोडला नाही, फरशीवर आपटलं नाही. सरळ बाथरूममध्ये गेली, दांड्यांवर स्वतःचं वजन टाकून बघितलं, दाराची रुंदी वितीने मोजली. बाहेर आली आणि विचारलं, "कुणासाठी केलं होतं, मॅडम?" मी म्हटलं, "यजमानांसाठी." तिने पुढे काही विचारलं नाही. म्हणाली, "माझ्या बाचा साखरेनं पाय गेलाय, गुडघ्याखालून. भाड्याच्या खोलीत लई तकलीफ होते. मी त्यांना रविवारी घेऊन येऊ का?"

रविवारी ऑटोतून तिचे वडील आले. काटक म्हातारा, पांढऱ्या मिशा, डोक्याला तांबडं पागोटं, चाकाच्या खुर्चीत ताठ बसलेला. उतारावरून मुलीने खुर्ची झपकन वर आणली आणि उंबऱ्यापाशी थांबली. आता मला ते दृश्य परत बघायचं नव्हतं. म्हाताऱ्याने मात्र वाकून उंबऱ्यावरचं कमळ बोटाने चाचपलं, ते बोट कपाळाला लावलं आणि म्हणाला, "लक्ष्मी हाय बाई तुमच्या दारात. मी इथूनच बघतो घर. पोरगी आत बघून घेईल."

"इथून काय बघता?" मी म्हटलं. "आत यायचं नाही का तुम्हाला? राहायचं तुम्हाला आहे."

"उचलून नेतील कुणी तरी. येकदा आत गेलो की झालं. मला कुठं भाईर जायाचंय आता?"

मी उभी होते ती तिथेच भिंतीला टेकले. सिस्टर घाबरून पुढे आली, नाडी बघायला लागली. मी तिचा हात सोडवला आणि म्हाताऱ्याला म्हटलं, "हा उंबरा मी काढणार आहे. काढल्याशिवाय घर देणार नाही."

म्हातारा एकदम कडक झाला. "काहून काढून राहिल्या? उंबरा काढून घर दिलं तर मी घेणार न्हाई. आमच्या मागं आधीच कमी हाय का काही? एक पाय गेला, आता दारची लक्ष्मी बी घालवू?"

"तुमची लक्ष्मी ही तुमची पोरगी आहे," मी म्हटलं, आणि आवाज चढला. "ती दवाखान्यात बारा-बारा तास उभी राहणार आणि तुम्ही तिची वाट बघत या दाराच्या आत बसणार. रोज. पहिला महिना लोक उचलतील. मग तुम्हालाच लाज वाटेल. मग तुम्ही म्हणाल, इथेच बरं आहे. आणि तिला ते खरं वाटेल, कारण तिला ते खरं वाटून घ्यायचं असेल."

पार्किंगमधली मंडळी बघायला लागली होती. मला त्याचं काही वाटलं नाही. जे दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते मी त्या अनोळखी म्हाताऱ्याला दारात उभी राहून सांगितलं. सरांचं सेनगावला जाणं-येणं, लकवा, फळी, कोपर, गणपतीची आरती. मिस्त्रीबद्दल त्यांनी विचारलं ते आणि मी काय उत्तर दिलं तेही. "वर्षभर माझा माणूस इथे बसून होता," मी म्हटलं, "आणि ते कडुनिंबाचं झाड इथून वीस पावलांवर आहे. मी त्यांना बसवून ठेवलं. मी." मग रडायला आलं आणि मी रडले. माझ्यासारख्या बाईला रडताना बघायची त्या सोसायटीला सवय नव्हती. कुणीतरी खुर्ची आणली, कुणीतरी पाणी.

 म्हातारा मुलीकडे बघत होता, ती खाली बघत होती. मग म्हणाला, "काढा बाई. पर टाकून देऊ नका. त्या झाडाखाली ठेवा, माणसं बसतील."

"उंबऱ्यावर बसत नाहीत," मी सवयीने म्हटलं.

"दारात न्हाई बसत," तो म्हणाला. "झाडाखाली तो दगुड हाय."

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. घर सरांच्या नावावरून माझ्या नावावर आधीच आलं होतं. सोसायटीची सभा भरली, पार्किंगमध्येच, आणि नव्या सभासदाला ना हरकत मिळाली. शिक्षक नसलेल्या माणसाला घर द्यायचं का म्हणून एकदोघांनी घसा साफ केला. मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. दाखल्यावर सह्या झाल्या.

चाव्या द्यायच्या आठवड्यात मिस्त्री आला. मी शेवटची पूजा केली, दिवा लावला, उंबऱ्याची माफी मागितली. माफी खरं तर दुसऱ्या कुणाची मागायला हवी होती. त्याने मशीनने दोन्ही बाजू कापल्या, छन्नीने खालचं सिमेंट सोडवलं आणि पहारीने दगड उचलला. चहा ठेवला होता तो उकळून व्हायच्या आत दगड बाहेर होता. मी विचारलं, "झालं?" तो म्हणाला, "झालं." एवढंच काम होतं ते.

त्याने जागा सारखी केली, सिमेंट ओढलं, थापीने गुळगुळीत केलं. चहा घेताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, एक सांगू का? रागावू नका."

"बोल."

"सरांचा फोन आल्ता मला. दिवाळीच्या आधी. आवाज जरा जड होता, पर समजत होतं. म्हणले, गुरुवारी बाई बँकेत जाणार हाय, दोन घंटे येणार न्हाई. तेवढ्यात येऊन उंबरा काढून जा. तिला मी समजावतो. मी म्हणलं, येऊन राहिलो सर, बराबर अकराला."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"मग तू आला का नाहीस?"

"आलो की. हत्यारं घेऊन आलो. तुमी गेलेल्या होत्या. सर दारातच बसून होते. तुमी सकाळची रांगोळी घालून गेल्या होत्या, हळदकुंकू ओलंच होतं. सरांनी मला उभंच ठेवलं. लई वेळ तिकडं बघत बसले. मंग म्हणले, जाऊ दे रे. तिला वाटून राहिलंय मी चालणार हाय. आज हे काढलं तर संध्याकाळपर्यंत तिला कळेल की न्हाई चालणार. नको. मला बाहेर जाऊन काय करायचंय. आणि मला म्हणले, बाईला सांगू नको."

तो हत्यारं गोळा करून गेला. जाताना सांगून गेला की दोन दिवस यावर पाय देऊ नका, ओलं आहे. दार लावता येत नव्हतं. मी आतल्या बाजूला, जिथे त्यांची खुर्ची असायची तिथे फरशीवर बसले. तिथून खरंच पार्किंगचा अर्धाच भाग दिसतो. मंडळी बसायच्या जागा पलीकडे आहेत, त्या दिसत नाहीत, फक्त हसणं ऐकू येतं. हे मला बावीस अधिक दोन वर्षांत ठाऊक नव्हतं, कारण मी तिथे कधी बसलेच नव्हते.

मी मोठ्याने म्हटलं, "अहो, मला सांगायचं होतंत. मी भांडले असते, दोन दिवस बोलले नसते, पण काढू दिला असता."

काढू दिला असता का, ते मला माहीत नाही. त्यांना माहीत होतं.